पसंतीआधीचा नकार : विवाहातील निवडीची पार्श्वभूमी

घरच्यांनी ठरवलेले लग्न करावे की प्रेमविवाह करावा, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात बहुतेकांपुढे उभाच राहत नसे. स्मृतिग्रंथांनी विवाहाच्या आठ प्रकारांत गांधर्व विवाहाला, म्हणजे दोघांच्या परस्परसंमतीने होणाऱ्या विवाहाला, जागा दिली होती खरी. पण व्यवहारात जात, गोत्र, पत्रिका आणि देण्याघेण्याची बोलणी यांवर सोयरीक जमे, आणि बोहल्यावर चढणारी मुलगी इतकी लहान असे की तिला पसंती विचारण्याचा प्रसंगच येत नसे.

म्हणूनच निवडीचा हा इतिहास प्रेमापासून नव्हे, तर नकारापासून सांगायला हवा, असे मला वाटते. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. परंतु अपिलानंतर प्रकरण पुन्हा सुनावणीस आले आणि मार्च १८८७ मध्ये, ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा’, असा आदेश निघाला. लोकमान्य टिळकांसह अनेक वजनदार माणसे विरोधात असतानाही रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड होऊन दोन हजार रुपयांच्या बदल्यात दादाजींनी हक्क सोडला. पुढे इंग्लंडला जाऊन त्या डॉक्टर झाल्या. समज येण्यापूर्वी लावलेले लग्न मला बांधील का ठरावे, हा त्यांचा सवाल मला आजही अस्वस्थ करतो. या खटल्याने पेटलेल्या वादाच्या पार्श्वभूमीवर १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि शरीरसंबंधासाठी मुलीच्या किमान वयाची मर्यादा १० वरून १२ वर गेली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले.

जातीची भिंत मात्र वेगळ्या वाटेने खचली. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे, तर आपण हिंदू नाही असे लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती ती अट सुटली, पण अशा विवाहाने एकत्र कुटुंबाशी असलेले नाते कायद्याने तुटे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. जातिभेदावर खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडले. हिंदूंमधील असे विवाह देशभर वैध ठरवणारा कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडले.

त्यानंतरच्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न सोडता आंतरधर्मीय विवाह शक्य केला, परंतु त्यात ३० दिवस आधी नोटीस देण्याची आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावण्याची अट आहे. स्वजातीत ठरलेल्या हिंदू विवाहाला अशी आगाऊ नोटीस लागत नाही. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्याला ते ३० दिवस आजही भीतीत काढावे लागतात.