चिवड्याची मूठ किती ग्रॅमची?

मागच्या दिवाळीत मी एक रिकामटेकडं काम केलं. घरात एक छोटा डिजिटल वजनकाटा आहे, बायकोनं केकसाठी घेतलेला, केक त्यानंतर एकदाच झाला. तो काटा काढला आणि चिवड्याच्या डब्यातून नेहमीसारखी मूठ भरून तोंडात टाकायच्या ऐवजी काट्यावर टाकली. २६ ग्रॅम. मग दिवसभर हिशोब ठेवला. सकाळी चहासोबत एक मूठ, आंघोळ करून देवाला नमस्कार करून येताना एक, शेजारचे काका आले तेव्हा त्यांना सोबत म्हणून दोन, दुपारी झोप येत नव्हती म्हणून एक, संध्याकाळी चहासोबत एक आणि रात्री टीव्हीसमोर एक, ती मात्र कशासाठी ते मलाही माहीत नाही. झाल्या सात मुठी, म्हणजे १८२ ग्रॅम.

तेल किती सोडलं त्यावर असतं, पण घरच्या चिवड्यात १०० ग्रॅमला साधारण ४५० ते ५५० कॅलरी धरा. म्हणजे माझा दिवसभराचा नुसता चिवडाच ८०० च्या वर गेला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला अख्ख्या दिवसाला २११० च्या आसपास कॅलरी सांगितल्या आहेत. आणि मला विचाराल तर त्या दिवशी मी 'काही खाल्लंच नव्हतं', जेवण तर नेहमीसारखंच झालं ना दोन वेळा!

आपण सगळे लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच्या जेवणाला घाबरतो, खरं तर घाबरायचं असेल तर त्यानंतर पंधरा-वीस दिवस ओट्यावर बसलेल्या डब्याला घाबरायला पाहिजे. हे माझं एकट्याचं मत नाही. अमेरिकेत १९५ लोकांचं वजन थँक्सगिव्हिंग या त्यांच्या नोव्हेंबरातल्या सणाच्या आधीपासून पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा मोजलं गेलं, तो अभ्यास २००० साली छापून आला. सुट्ट्यांच्या त्या सहा आठवड्यांत लोकांचं वजन सरासरी किती वाढलं असेल? फक्त ०.३७ किलो. लोकांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण दीड किलोनं तरी फुगलो. इथपर्यंत वाचून मला बरं वाटलं होतं, पण पुढे असं होतं की ते वाढलेलं थोडंसं वजन नंतर उन्हाळा आला तरी उतरलंच नाही. दरवर्षी तेवढंच धरत गेलं की दहा वर्षांत पँटची साइज बदलते आणि आपण म्हणतो 'वय झालं आता'.

आता आपल्या नागपुरात सण काही सहा आठवड्यांचे नाहीत. पोळ्यापासून सुरू होतं, मारबत-बडग्या झाले, तान्हा पोळा झाला की गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा, दिवाळी, आणि मध्ये कुणाकुणाचं उद्यापन. त्यातलं महालक्ष्म्यांचं जेवण माझ्या मते पोटाच्या विज्ञानाचा सगळ्यात मोठा प्रयोग आहे. नागपूरच्या महाल भागात माझ्या आत्याकडे दरवर्षी पंगत असते. सोळा भाज्यांची मिळून केलेली भाजी, आंबील, कढी, भजे, वडे, चटण्या, कोशिंबीर, वरण-भात आणि पुरणाची पोळी, तीही वरून तूप सोडलेली नाही तर शेजारी तुपाची वाटी ठेवून, तुकडा त्यात पूर्ण बुडवून खायची. वाटीत तुकडा बुडवला की पोळीच्या कडेनं तुपाचे बुडबुडे वर येतात, मग तो पिवळाधम्मक तुकडा बोटांवरून ओघळ घेत तोंडापर्यंत येतो. एक छोटा चमचा तूप ५ ग्रॅमचं धरलं तर ४५ कॅलरी. एका पोळीला किती चमचे लागतात ते मी मोजलेलं नाही, तेवढी हिंमत नव्हती.

त्या पंगतीत दोन पोळ्यांनंतर मी म्हटलं आत्या, बस झालं आता. तर ती म्हणे, "काहून बाप्पा, दोनच? अर्धी तरी घे ना." मी खरंच पोटभर जेवलो होतो, पण तेवढ्यात गरम भजे आले आणि माझा हात आपोआप ताटाकडे गेला. हे कसं काय होतं? पोट भरलं होतं ना?

याला शास्त्रात नाव आहे पण ते जड आहे, सोपं सांगायचं तर आपलं मन 'जेवणाला' कंटाळत नाही, 'एका चवीला' कंटाळतं. गोड खाऊन खाऊन गोडाची इच्छा संपते, तिखट-खारट-कुरकुरीत मात्र तसंच ताजं असतं. ऑक्सफर्डमध्ये बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास लोकांना सँडविच खाऊ घातले, काहींना एकाच सारणाचे आणि काहींना चार वेगवेगळ्या सारणांचे. चार सारणंवाल्यांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. नुसत्या चार सारणांवर हे झालं, आत्याच्या ताटात किती चवी असतात ते बघा. जुन्या काळी याचा फायदाच होता म्हणा, माणूस एकच कंद खात बसला नाही, पाला-फळं-मांस सगळं खात गेला आणि जीवनसत्त्वं मिळत गेली. तेच डोकं घेऊन आपण पंगतीत बसतो, म्हणून आपण फार हावरट आहोत असं स्वतःला बोलत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे 'बस' हा निरोप पोटाकडून मेंदूकडे जायला वेळ लागतो. जठर ताणलं गेलं की तिथल्या नसा कळवतात, हे त्यातल्या त्यात लवकर होतं. पण तूप आणि डाळ पुढे लहान आतड्यात पोचल्यावर तिथून जी संप्रेरकं निघतात, तीच खरं 'आता नको' म्हणणारी, आणि त्यांचा जोर चढायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. आपली पंगत किती वेळात उठते? वाढणारे मागे उभे असतात, पुढची पंगत दारात ताटकळत असते, आपण पंधरा मिनिटांत ताट साफ करून मोकळे. निरोप येतो तेव्हा आपण हात धुऊन पान लावून राहिलो असतो, आणि मग सोफ्यावर पडून पँटचं बटण सैल करतो.

त्यात आपली एक हुशारी असते, संध्याकाळी जेवण आहे म्हणून दुपारी काही खायचंच नाही. उपाशी पोटी घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक वर चढलेलं असतं (हे १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं, मुख्यतः जठरातूनच निघतं), आणि असा माणूस पंगतीत बसला की पहिली पोळी चावत नाही, गिळतो. दुपारी वरण-भात किंवा वाटीभर मोडाची मटकी खाऊन गेलेला माणूस कमी नुकसान करून घेतो, हे मी स्वतःवर दोन्ही प्रकारे करून पाहिलंय.

खाण्याचा क्रमही बदलून बघा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये एक छोटा अभ्यास छापला, मधुमेहाचे फक्त ११ रुग्ण, तेव्हा फार मोठी गोष्ट समजू नका. तेच जेवण, तेवढंच, पण आधी भाज्या आणि प्रथिनं खाऊन ब्रेड-ज्यूस शेवटी घेतला तर तासाभरानं रक्तातली साखर एक तृतीयांशाहून जास्त कमी दिसली. आपल्याकडे ताटातली डावी बाजू, म्हणजे कोशिंबीर-चटणी, ही शोभेला असल्यासारखी शेवटपर्यंत पडून असते. काकडीची कोशिंबीर आणि भाजी आधी संपवा, मग पोळीला हात लावा. आत्याला कळतही नाही.

'मी तर बारीक आहे, मला काय होतंय' म्हणणाऱ्यांसाठी एक फोटो आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. म्हणजे आपली भारतीय माणसं वरून सडपातळ दिसतात आणि आतून चरबी बाळगून असतात. २०२३ च्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह निघाला, आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटींच्या वर. वजनकाट्याचा आकडा बरा दिसतोय म्हणून डबा उघडा ठेवता येत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर 'आज जास्त खाल्लं, उद्या गोळी दुप्पट' असले उद्योग करू नयेत, डॉक्टरांना आधी विचारावं. आणि ती शुगर फ्री मिठाई, तिच्यात साखर नसेल, पण तूप, खवा, मैदा कुठे गेला?

आता आपल्या आजी-आजोबांची शतपावली. ही गोष्ट मला फार आवडते कारण इथे विज्ञान म्हाताऱ्यांच्या बाजूनं आहे. चालताना मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट बघत बसत नाहीत. २०१३ मध्ये साठीच्या पुढच्या, साखर थोडी वाढलेल्या लोकांवर असं पाहिलं की प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालणं हे एकदाच ४५ मिनिटं चालण्याच्या तोडीचं ठरलं, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्यानंच जास्त चांगली आवरली. पण एक गोची आहे, शंभर पावलं म्हणजे जेमतेम ७० मीटर, गच्चीवरच्या चार-पाच फेऱ्या. १५ मिनिटांत दीड हजार पावलं होतात. म्हणजे शतपावलीला पंधरानं गुणा. रात्री फुटाळा तलावावर गेलात तर काठाकाठानं चाला, गाडी लावून समोर मक्याचं कणीस खात बसण्याला चालणं म्हणत नाहीत. चालायचं पण रमतगमत, धावाधाव नको, भरल्या पोटी आंबट ढेकर वर येतात.

आणि दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे आंबिया बहाराचा संत्रा बाजारात येतोच. १०० ग्रॅमला ५० कॅलरीसुद्धा नाहीत, वर फोडींमधला चोथा पोट भरतो. संत्रा बर्फीत संत्रा असतो हे मान्य, पण ती बर्फी आहे. संत्र्याचा ज्यूसही नको, त्यात चोथा जातो आणि चार संत्री एका ग्लासात गुपचूप उतरतात.

तर त्या सात मुठींनंतर मी काय केलं, चिवडा छोट्या वाटीतच घ्यायचा ठरवलं, डब्यात हात घालायचा नाही, आणि डबा माळ्यावर ठेवला. स्टूल आणा, चढा, झाकण काढा, एवढं करावं लागलं की माणूस विचार करतो. तीन दिवस मुठी सातच्या दोनवर आल्या. चौथ्या दिवशी ऑफिसमधून आलो तर डबा पुन्हा ओट्यावर, झाकण अर्धं उघडं. आईला विचारलं तर ती म्हणे, "पाहुणे येऊन राहिले ना रोज, घडीघडी स्टुलावर कोण चढन? आणि तो तुझा काटा मी कपाटात ठेवला, आता त्याची काय गरज?"