कापला जाणारा प्रोब आणि जखडून राहणारा प्रोब

एखादे प्रोटिएझ, म्हणजे प्रथिने कापणारे एन्झाइम ऊतीत नुसते हजर आहे की प्रत्यक्ष काम करत आहे, हे साध्या प्रतिपिंडाने सहसा कळत नाही; कारण ही एन्झाइमे बहुधा निष्क्रिय पूर्वरूपात तयार होतात आणि सक्रिय झाल्यावरही शरीरातील रोधक त्यांना अडवून धरतात. जिवंत प्राण्यात हे काम टिपण्यासाठी जे फ्लुरोसंट पेप्टाइड प्रोब, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवर चमकणारे रंगद्रव्य बसवलेले शोधक रेणू वापरतात, त्यांचे दोन प्रकार आहेत. दोन्ही एन्झाइम भेटल्यावर उजळू शकतात, म्हणून त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिल्या प्रकारात, म्हणजे सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ) प्रोबमध्ये, पेप्टाइडच्या एका बाजूला रंगद्रव्य आणि दुसऱ्या बाजूला त्याचा प्रकाश दाबणारा क्वेंचर असतो. एन्झाइमने मधला बंध तोडला की दोघे दूर जातात आणि प्रकाश मोकळा होतो. कॅस्पेज-३ या प्रोटिएझसाठी अ‍ॅस्पार्टेट, ग्लुटामेट, व्हॅलिन, अ‍ॅस्पार्टेट हा अमिनो आम्लांचा क्रम वापरतात. एन्झाइमचा एकच रेणू असे अनेक प्रोब कापतो, त्यामुळे संकेत वाढत जातो. हे या पद्धतीचे मोठे बळ आहे. मात्र उजळलेला तुकडा मोकळा असल्याने तो जागेवरून सरकू शकतो, आणि तोच क्रम कापणारी दुसरी एन्झाइमेही त्यात भर घालतात. अमेरिकेत २०२४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळालेला पेगुलिसियानिन हा प्रोब याच जातीचा आहे.

दुसऱ्या, म्हणजे क्रियाधारित प्रोबमध्ये, पेप्टाइडच्या टोकाला एक अभिक्रियाशील गट असतो. कॅथेप्सिन या प्रोटिएझांसाठी तो अनेकदा अ‍ॅसिलॉक्सिमिथिल कीटोन असतो. एन्झाइमच्या सक्रिय स्थळातील सिस्टीन हे अमिनो आम्ल त्यावर हल्ला करते, क्वेंचर बसवलेला असल्यास तो निसटतो, आणि रंगद्रव्य सहसंयुज बंधाने तिथेच जखडले जाते. इथे एका एन्झाइमला एकच प्रोब, म्हणजे वाढ नाही. शिवाय जखडलेले एन्झाइम कायमचे निकामी होते, ही किंमत मी किरकोळ मानत नाही.

म्हणून पहिल्यातला प्रकाश झालेल्या कापणीचा हिशेब देतो, तर दुसऱ्यातला सक्रिय रेणूंची संख्या सांगतो. दोन्हींत रक्तातील हिमोग्लोबिन प्रकाश कमी शोषते अशी साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरची खिडकी निवडतात, त्यामुळे उंदराच्या चित्रात गाठीवरचा उजेड सारखाच दिसतो. फरक पुढे उघड होतो: ऊती वाटून प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवली, तर क्रियाधारित प्रोब कोणत्या एन्झाइमला चिकटला ते पट्ट्याच्या वजनावरून ताडता येते, सबस्ट्रेट प्रोबचा सुटा तुकडा असा पट्टा देत नाही.