रॉकेट हवेला रेटून उडत नाही

"रॉकेटचा जाळ खालच्या हवेला धक्का देतो म्हणून ते वर जातं, अंतराळात हवाच नाही, मग तिथं रॉकेट चालेल कसं?" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शंका साहजिक आहे. आपण स्वतः जमिनीला रेटूनच चालतो.

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावात (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या तलावात) डोंग्यातून काठावर उडी मारली की डोंगा मागं सरकतो. तुम्ही त्याला मागं रेटता, तो तुम्हाला पुढं. रॉकेट आणि त्यातून सुटणारा वायू यांचं नातं हेच.

शाळेच्या मैदानावर पडताळा घेता येतो. कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली, घट्ट रबरी बूच, बुचात ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि सायकलचा पंप. आधी नुसती हवा भरून उडवा, मग एक तृतीयांश पाणी घालून. पाण्याची बाटली कितीतरी उंच जाते. बाहेरची हवा आणि जमीन दोन्ही वेळा तीच. बदललं फक्त मागं फेकलेलं वजन. (पंप मारताना बाटलीवर कुणी वाकू नये, पोरांना लांबच उभं करा.)

उलट, हवा रॉकेटला अडवतेच. आणि इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजन? तो रॉकेट सोबतच घेऊन निघतं.