प्रॉडक्शन डिझायनर

चित्रपटात किंवा मालिकेत नटांखेरीज जे जे पडद्यावर दिसते, त्याचा आराखडा ठरवणारा कलावंत. भिंतीचा रंग, खिडकीबाहेरचे आकाश, देव्हाऱ्यातली समई, पोलिस चौकीतल्या पिवळ्या पडलेल्या फायली, सगळे त्याच्या अखत्यारीत येते. मराठीत ‘कलादिग्दर्शक’ हा शब्द जास्त रुळलेला आहे. हॉलिवूडमध्ये ही दोन पदे वेगळी मानतात. प्रॉडक्शन डिझायनर चित्रपटाचे दृश्यरूप ठरवतो, आर्ट डायरेक्टर ते उभे करून घेतो. ‘प्रॉडक्शन डिझायनर’ ही उपाधी 1939 सालच्या ‘गॉन विथ द विंड’पासून, विल्यम कॅमेरॉन मेन्झीझ यांच्या नावाशी जोडून रूढ झाली. आपल्याकडे दोन्ही कामे बहुधा एकाच माणसाच्या अंगावर पडत आली, त्यामुळे श्रेयनामावलीतल्या उपाधीवरून फारसे काही ठरवू नये.

महाराष्ट्रात या व्यवसायाची मुळे नाटकाच्या पडद्यांत आहेत. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले, नात्याने भाऊ असलेले चित्रकार नाटकांचे पडदे रंगवत. पुढे बाबूरावांनी चित्रपटात रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव, त्रिमितीय सेट आणले. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले साहेबमामा फत्तेलाल 1929 मध्ये ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि तिथली कलाबाजू त्यांनी सांभाळली. चित्रकार एम. आर. आचरेकर यांनी राज कपूर यांच्या ‘आवारा’चे कलादिग्दर्शन केले. ही सगळी मंडळी आधी चित्रकार आणि मग सिनेमावाले. हा क्रम बराच काळ टिकला.

काम सुरू होते पटकथेपासून. प्रत्येक प्रसंगाला कोणती जागा आणि कोणत्या वस्तू लागतील याची यादी निघते. मग रेकी, म्हणजे चित्रीकरणाच्या जागांची आगाऊ पाहणी. कुठले ठिकाण आहे तसे वापरायचे, कुठले सेट लावून उभे करायचे, हे दिग्दर्शक आणि छायालेखक यांच्याबरोबर बसून ठरते. त्यानंतर स्केच, मोजमापांचे नकाशे, लहान मॉडेल. आणि मग सुतार, मोल्डर, रंगारी. लाकडी चौकटी, प्लायवूड, पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) आणि फायबर यांतून वाडा उभा राहतो. कॅमेरा मागे नेता यावा म्हणून एखादी भिंत निघणारी ठेवतात, आणि दिवे वरून लावायचे म्हणून छत बहुतेक वेळा नसतेच. नवी भिंत जुनी दिसायला हवी, तिला ओल आलेली हवी. कागद जुना करायला साधे चहाचे पाणी चालते. हे जुनेपण नेमके किती आणायचे, यात डिझायनरचा खरा कस लागतो.

चित्रपट आणि दूरचित्रवाणी या दोन्हींतून गेलेल्या कारकिर्दीचे ठळक उदाहरण म्हणजे नितीन चंद्रकांत देसाई (1965–2023). मुंबईत कलाशिक्षण घेतलेले देसाई 1987 मध्ये दूरचित्रवाणीसाठीच्या ‘तमस’च्या सेटवर कलादिग्दर्शक नितीश रॉय यांचे सहायक म्हणून लागले, तेही उतरंडीत अगदी खालच्या पायरीवर. ‘चाणक्य’ मालिकेचे सुरुवातीचे भाग त्यांनी रॉय यांच्या हाताखाली केले आणि पुढची जबाबदारी स्वतंत्रपणे घेतली. ‘1942: अ लव्ह स्टोरी’मुळे (1994) त्यांचे नाव झाले. त्यांचा आवाका पाहायचा तर ‘लगान’ (2001) आणि ‘देवदास’ (2002) शेजारी ठेवावेत. एकासाठी त्यांनी कच्छमध्ये भुजजवळ कुनरियालगत मातीच्या घरांचे अख्खे चंपानेर, म्हणजे कथेतले गाव, वसवले. दुसऱ्यासाठी रंगीत काचांची हवेली आणि पाण्याकाठचा कोठा उभारला. एक गाव धुळीत मिसळून जाणारे, दुसरी वास्तू नजर हलू न देणारी. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ आणि ‘हम दिल दे चुके सनम’ धरून त्यांचे असे चार पुरस्कार झाले. प्रस्तुत नोंदीपुरते मत द्यायचे तर ‘लगान’ अधिक अवघड होते, कारण तिथे सेट आहे हे प्रेक्षकाच्या लक्षातच येत नाही.

दूरचित्रवाणीचे गणित वेगळे. चित्रपटाचा सेट काम संपले की मोडतात. दैनंदिन मालिकेचा दिवाणखाना वर्षानुवर्षे उभा राहतो आणि रोज अनेक कॅमेऱ्यांना तोंड देतो. (जिना भव्य, स्वयंपाकघर चकचकीत, न्हाणीघर मात्र कुठेच नाही, ही मालिकांमधल्या घरांची खोड.) ‘कौन बनेगा करोडपती’चा देसाईंनी केलेला सेट म्हणजे घर नव्हे, एक खुर्ची, एक पडदा आणि ताण.

प्रशिक्षण आजही बरेचसे सहायकीतूनच होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे प्रभातच्याच जुन्या आवारात, या विषयाचा अभ्यासक्रम आहे. वास्तुकला (आर्किटेक्चर) आणि उपयोजित कला शिकलेलेही या क्षेत्रात येतात.

डिझायनर सेट बांधतो, पण तो त्याच्या मालकीचा नसतो. देसाईंनी ही चौकट मोडली. 2005 मध्ये त्यांनी कर्जतजवळ सुमारे 52 एकरांवर एनडी स्टुडिओ सुरू केला. ‘जोधा अकबर’चा किल्ला आणि ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेतले दरबार तिथे उभे राहिले. कायमचे सेट सांभाळायचे तर चित्रीकरणही कायम हवे. कर्ज थकले, दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, आणि 2 ऑगस्ट 2023 रोजी त्याच स्टुडिओत त्यांचा मृतदेह आढळला. त्या वर्षीच्या लालबागच्या राजाची सजावट त्यांच्याच कल्पनेतली होती. शिवराज्याभिषेकाचा तो देखावा त्यांच्या पश्चात पूर्ण झाला.