बिघाड तीन तासांचा, गर्दी चौदा तासांची

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान, फराळ सगळं उरकून दुपारी जरा लवंडलो तर भाचा ओरडला, मामा, स्नॅपचॅट गेलं! फोर्टनाईट गेम बंद, मेसेजचं सिग्नल ॲपही बंद. फॅमिली ग्रुपवर काकूंचं निदान तयारच होतं: अमावास्या भोवली. आता पंचांगच उघडा ना, त्या दिवशी अमावास्या लागली पावणेचारच्या सुमाराला, आणि बिघाड सुरू झाला १२ वाजून १९ मिनिटांनी, म्हणजे अमावास्या लागायच्या आत मूळ बिघाड दुरुस्तसुद्धा झाला होता.

झालं असं की ही सगळी ॲप्स ज्यांच्या जिवावर चालतात त्या अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या डेटासेंटरांमध्ये डायनॅमोडीबी नावाच्या डेटाबेसचा पत्ताच पुसला गेला. पत्त्यांची यादी सांभाळणारे प्रोग्रॅम असतात, त्यातला एक रेंगाळला आणि त्याने नव्या यादीवर जुनी यादी चढवली, तेवढ्यात दुसरा साफसफाईला आला आणि "ही जुनी" म्हणून तीच उडवून बसला. ना आग, ना हॅकर. पत्ता आपल्या तीन वाजायच्या आत परत लागला. तरी सर्व्हर पूर्ण रुळावर यायला रात्रीचे दोन वाजून गेले, आणि मला खरी गंमत इथेच वाटते.

इंदूरकरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. जलूदला, म्हणजे जिथून पंपाने नर्मदेचं पाणी शहरात येतं तिथे, लाईट ट्रिप झाली की पाणी येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आलं की अख्ख्या गल्लीच्या मोटरा एकदम सुरू. प्रेशर जातं, कुणाचीच टाकी भरत नाही, म्हणून कुणीच मोटर बंद करत नाही. पाणी आलंय, पण नाहीही.

आता आकडे घेऊ, थोडं सांभाळून वाचा. एक सर्व्हर सेकंदाला १०० कामं उरकतो आणि येतात ८०, सगळं मस्त चाललंय. तो ३० सेकंद बंद पडला, रांगेत २४०० कामं साचली. परत सुरू झाल्यावर दर सेकंदाला २० जास्तीची उरकतील, म्हणजे दोन मिनिटांत रांग साफ, असं वाटतं ना? पण तुमच्या मोबाईलमधलं ॲप ५ सेकंदच वाट बघतं, मग तेच काम पुन्हा पाठवतं, समजा एकूण तीनदा. रांग २४ सेकंदांची, म्हणजे सर्व्हर ज्याचं काम करतोय तो केव्हाच निघून गेलाय आणि मागे पुन्हा रांगेत उभा आहे. ८० चे झाले २४०. सर्व्हर शंभर टक्के राबतोय आणि उपयोगाचं काम शून्य! मूळ बिघाड संपलाय, तरी ही अवस्था आपली आपण सुटत नाही, कारण नवी गिऱ्हाइकं सेकंदाला ३३ च्या खाली आणल्याशिवाय रांग आटतच नाही. म्हणजे जो सर्व्हर सकाळी ८० आरामात पेलत होता त्याला आता ३४ सुद्धा जड.

ॲमेझॉनकडे थोड्या वेगळ्या रूपात हेच झालं, हजारो सर्व्हर एकदम हजेरी लावायला आले आणि हजेरी लागेपर्यंत तिची मुदतच संपायची. इंजिनिअरांनी शेवटी येणारं काम अडवलं, काही मशीनं रीस्टार्ट केली, तेव्हा कोंडी फुटली.

परत येणंच महाग पडतं याचं दुसरं उदाहरण म्हणजे मे २०१७ मधलं ब्रिटिश एअरवेज. वीज तुटली ते ठीक, पण ती बेताल परत जोडली गेली आणि त्या झटक्यात यंत्रं खराब झाली. ७५,००० प्रवासी अडकले, खर्च सुमारे ५.८ कोटी पौंड.

हे सगळं आधी कॉम्प्युटरवर करून बघता येतं. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पन्नासेक ओळी, एक खोटं घड्याळ जे एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं, आणि हजार वेळा सर्व्हर पाडायचा. नुसती सरासरी काढलीत तर फसाल, कारण बहुतेक वेळा काहीच होत नाही आणि एखाद्या वेळी सगळं ठप्प होतं. नेटफ्लिक्सवाले तर खरे चालू सर्व्हर मुद्दाम पाडतात, त्या प्रोग्रॅमचं नाव केऑस मंकी. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये एकच बदल केला, पुन्हा पाठवायच्या आधी १, २, ४, ८ सेकंद थांबायचं आणि त्यात फासा टाकून प्रत्येकाची वेळ थोडी कमीजास्त करायची म्हणजे सगळे एकदम येत नाहीत. रांग वितळली.

मग उत्साहात गल्लीतही मोटरांचं टाईमटेबल चिकटवून आलो, सम नंबरची घरं आधी, विषम नंतर. पहिल्याच दिवशी समोरच्या वहिनींनी दोन्ही वेळा मोटर लावली. पाहुणे आलेत म्हणे.