अणुभार दगडावरची रेघ नव्हे

आवर्तसारणीतले अणुभार म्हणजे निसर्गाने कायमचे ठरवून दिलेले आकडे, आणि ते बदलले तर आधीचे शास्त्रज्ञ चुकले, हा समज पाठ्यपुस्तकांच्या मागच्या पानावरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो खरा नाही.

क्लोरीनचा अणुभार 35.45 सांगतात, पण तेवढ्या वजनाचा क्लोरीनचा एकही अणू नसतो. 35 आणि 37 वस्तुमानांकांच्या दोन समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या, पण वेगळ्या वस्तुमानाच्या अणूंची) ही सरासरी आहे. प्रत्येक समस्थानिकाचे वस्तुमान अत्यंत काटेकोरपणे माहीत आहे. कटकट असते ती समस्थानिकांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणाची. ते मास स्पेक्ट्रोमीटरने (अणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणाने) मोजतात, आणि नमुना कुठला यावर ते थोडे बदलते.

शिसे यात सगळ्यात खट्याळ. युरेनियमच्या क्षयातून शिसे-206 बनते, थोरियमच्या क्षयातून शिसे-208. त्यामुळे खनिज बदलले की अणुभारही बदलतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ थिओडोर रिचर्ड्‌स यांनी हे 1914 मध्येच दाखवून दिले होते! तरी ‘207.2’ हा एकच आकडा आपण घोकत राहिलो. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आयोगाने 2021 मध्ये शिशासाठी 206.14 ते 207.94 असा पल्ला दिला. हायड्रोजन, कार्बन, क्लोरीन अशा दहा मूलद्रव्यांना तो 2009 च्या निर्णयानेच मिळाला होता.

उलट फ्लोरीनचा स्थिर समस्थानिक एकच, म्हणून त्याचा अणुभार नऊ दशांश स्थळांपर्यंत देता येतो. जस्ताचा 65.39 चा 65.38 झाला, तो मात्र सुधारलेल्या मोजमापामुळे. रोजच्या गणितांना 35.45 किंवा 207.2 खुशाल वापरा.