जाळं कापून कासव सोडलं? भरपाईचा अर्ज असा करा

कासव जाळ्यात अडकलं की हातात वेळ फार थोडा असतो. ते हवेत श्वास घेतं, पाण्याखाली अडकून राहिलं तर गुदमरून मरतं. त्याला वाचवायचं तर अनेकदा जाळंच कापावं लागतं. हा भुर्दंड छोट्या मच्छीमारावर पडू नये म्हणून महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये भरपाईची योजना आणली. वन विभागाचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग ती मिळून राबवतात. जाळ्याचं जेवढं नुकसान, त्यानुसार जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळतात.

सोडलेला प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असायला हवा. ऑलिव्ह रिडले कासव, हिरवं कासव, व्हेल शार्क, करवत मासा, डॉल्फिन हे सगळे त्यात येतात. नौकेची नोंदणी आणि मासेमारी परवाना चालू ठेवा.

खरी मेख पुराव्यात आहे, आणि तो समुद्रातच गोळा करावा लागतो. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा की मोबाईल कोणत्या खलाशाने धरायचा. अडकलेला प्राणी, जाळं कापताना आणि प्राणी जिवंत पाण्यात जाताना, असं सलग चित्रण करा. नौकेवरचा नोंदणी क्रमांक त्यात दिसला तर उत्तम. मात्र फोटोसाठी कासवाला बोटीवर ताटकळत ठेवू नका, व्हेल शार्कच्या शेपटीला दोर बांधून ओढू नका. आधी जीव, मग फोटो. फाटलेल्या जाळ्याचे फोटो किनाऱ्यावर आल्यावरही काढता येतात. ते जाळं लगेच शिवायला घेऊ नका.

अर्ज जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कांदळवन कक्षाच्या कार्यालयात द्यायचा. सोबत नौका नोंदणी आणि परवान्याची प्रत, आधार कार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि फोटो-चित्रण जोडा. घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, जाळ्याचा प्रकार आणि किती जाळं कापलं, हे अर्जात स्पष्ट लिहा. जाळ्याच्या खरेदीची पावती असेल तर तीही लावा, किंमत ठरवायला सोपं जातं. दिलेल्या अर्जाची पोच मात्र मागून घ्याच.

ही भरपाई जाळ्याची आहे, सुटून गेलेल्या मासळीची नाही. मोठ्या जाळ्याला २५,००० पुरत नाहीत, ही मर्यादा वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं. तोवर जे हक्काचं आहे ते अर्ज न केल्यामुळे सोडू नका. मच्छीमार सोसायटीच्या पुढच्या बैठकीत ही माहिती तांडेल (नौकेचे प्रमुख) आणि खलाशांना वाचून दाखवा.